चपटा झालेला होज

गाडी रात्रभर गॅरेजमध्ये उभी आहे. सकाळी बॉनेट उचलावं आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा होज पार चपटा झालेला दिसावा, आतून कुणी श्वास ओढून धरल्यासारखा. आदल्या दिवशी गाडी नीट चाललेली असते, काटा नव्वदच्या पुढे गेलेला नसतो, खाली फरशीवर एक थेंब नसतो. कॅप अर्धी फिरवली की ‘फुस्स’ असा आवाज येतो, होज हळूच पुन्हा गोल होतो, आणि बहुतेक जण कॅप घट्ट करून तो विषय तिथंच सोडतात. पण हे दृश्य एकदा पाहिलं की मनातून जात नाही. काहीच बिघडलेलं दिसत नाही, तरी काहीतरी चुकलेलं आहे. किट कारच्या, म्हणजे सुटे भाग जमवून स्वतः जोडलेल्या गाडीच्या, कूलिंगबद्दल जे काही समजून घ्यायचं असतं, त्यातलं बरंचसं या चपट्या होजपाशी सुरू होतं.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, तापलं की फुगतं. २० अंशांवरून ९० अंशांपर्यंत जाताना पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण साधारण चार टक्क्यांनी वाढतं. गाडीत ८ लिटर कूलंट असेल तर ३०० मिलिलिटरहून जास्त कूलंटला जागा हवी. दाब कॅपच्या स्प्रिंगला भारी पडला की ते कॅपखालून नळीवाटे बाजूच्या बाटलीत जातं. रात्री सगळं थंड होताना तेवढंच परत आत यायला हवं, आणि त्यासाठी कॅपच्या मधोमध एक छोटी उलटी झडप असते. कॅप हातात घेऊन पालथी करावी. मोठा रबरी वायसर, त्याच्या मध्ये बटणाएवढी चकती. ती नखानं हलकेच ओढावी. सहज उघडली पाहिजे आणि सोडल्यावर टक्‌ करून जागेवर बसली पाहिजे. ती गंजून किंवा सुकलेल्या कूलंटच्या साक्यानं चिकटली असेल, किंवा बाटलीकडची नळी कुठं दुमडली असेल, तर आत पोकळी तयार होते आणि सगळ्यात मऊ होज बाहेरच्या हवेच्या दाबानं चपटा होतो. एवढ्यावर भागलं तरी बरं. पण पोकळीला हवा कुठूनही चालते. दाबाखाली थेंबही न सोडणारी क्लिप ओढीखाली हवा आत घेऊ शकते. म्हणजे गळती दिसत नाही, पातळीही फारशी हलत नाही, आणि तरी रोज सकाळी इंजिनाच्या पोटात थोडी थोडी हवा जमत जाते.

त्या हवेला पुढं बाहेर पडायला वाट नसते, ही किट कारची खरी अडचण.

कारखान्यातून आलेल्या गाडीत इंजिन, रेडिएटर, बाटली, फॅन, सगळं एकमेकांना ओळखून बनवलेलं असतं. कुणीतरी कुठल्या पाइपाचं तोंड किती वर ठेवायचं यावर महिनोन्‌महिने घालवलेले असतात. किट कारमध्ये इंजिन एका सलूनचं, रेडिएटर दुसऱ्याच एखाद्या हॅचबॅकचा, फॅन तिसऱ्याचा, आणि होज जुळतील तसे. हे सगळे भाग पहिल्यांदाच एकमेकांना भेटत असतात. त्यात १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हनच्या धाटणीची गाडी असेल, आणि बहुतेक किट कार त्याच वळणाच्या असतात, तर नाक इतकं बुटकं की रेडिएटर इंजिनाच्या डोक्यापेक्षा खाली बसतो. रेडिएटरवरच कॅप असेल तर तिथून पाणी काठोकाठ भरलं तरी सिलिंडर हेडचा, म्हणजे इंजिनाच्या त्या डोक्याचा, वरचा भाग कोरडा राहू शकतो. भरणारा समजतो भरलं. हवा मात्र नेमकी तिथं बसलेली असते जिथं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या शेजारी धातू सगळ्यात जास्त तापतो.

म्हणून गाडी तापायला लागली की मोठा रेडिएटर शोधण्याआधी हवेची वाट शोधावी, असं माझं ठाम मत आहे. यातला सगळ्यात उपयोगी बदल म्हणजे दाबाखालची हेडर टँक, कूलंटची एक छोटी टाकी. ती इंजिन आणि रेडिएटर दोन्हींपेक्षा वर बसवायची. बुटक्या गाडीत सहसा बल्कहेडवर, म्हणजे इंजिन आणि बसायच्या जागेमधल्या भिंतीवर, बॉनेटच्या आतल्या पृष्ठाला जेमतेम न लागेल इतकी उंच. आकार एक ते दीड लिटर पुरतो. थंड असताना निम्मी भरलेली, वरचा निम्मा भाग फुगण्यासाठी मोकळा. तिच्या तळातून १६ ते १९ मिमीचा होज थेट वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला जोडायचा. हेडच्या सगळ्यात उंच जागेवरून आणि रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातून ६ मिमीच्या बारीक नळ्या टँकच्या वरच्या भागात आणायच्या, आणि त्या वाटेत कुठंही खाली उतरून पुन्हा वर चढता कामा नयेत, नाहीतर त्या खोलगट भागात पाणी साचून हवेचा रस्ता बंद होतो. या नळ्यांमधून सतत गरम पाणी वळून जाऊ नये म्हणून त्यांच्या तोंडाशी दीड-दोन मिलिमीटरचं छिद्र ठेवतात. हवेला तेवढं छिद्र पुष्कळ होतं. तळाचा जाड होज जास्त महत्त्वाचा, कारण टँकमधला दाब त्याच्यातून पंपाच्या तोंडाशी पोहोचतो. ओढीच्या बाजूला दाब कमी पडला की पंपाच्या पात्यांमागे पाणी तिथंच उकळून बुडबुडे धरतं आणि पंप पाण्याऐवजी फेस ढकलायला लागतो.

आणि कॅप एकच. हे जितकं साधं तितकंच दुर्लक्षित आहे. हेडर टँकवर १ बारची कॅप आणि रेडिएटरवर त्याच्या मूळ गाडीची ०.५ बारची कॅप राहिली, तर सगळी सिस्टीम अर्ध्या बारवर चालते. जिथं कमकुवत झडप, तिथून पाणी बाहेर. रेडिएटरवर बिनझडपेची बंद कॅप लावावी. शिवाय कॅपच्या गळ्याची खोली दोन प्रकारची असते, एक साधारण १९ मिमी, दुसरी २५ मिमी. खोल गळ्यावर आखूड कॅप फिरवून लावता येते, हाताला घट्टही लागते, पण तिचा रबर आतल्या बैठकीला टेकतच नाही आणि दाब कधी धरलाच जात नाही. दाबाचं महत्त्व साध्या आकड्यात दिसतं: उघड्यावर १०० अंशांना उकळणारं पाणी १ बारच्या दाबाखाली १२० अंशांपर्यंत उकळत नाही. ते वीस अंश म्हणजे चढावरच्या गर्दीत अडकलेल्या गाडीचा सगळा आधार.

आता काट्याबद्दल. गाडी तापते असं ज्याच्या भरवशावर म्हणायचं, तो काटाच बऱ्याचदा खोटं बोलत असतो. पाण्याची एक सवय लक्षात ठेवावी, पाणी उडी मारत नाही. सात-आठ लिटर कूलंटचं तापमान एका क्षणात पंधरा अंशांनी बदलू शकत नाही. हेडलाइट लावताच किंवा फॅन सुरू होताच काटा झटक्यात हलला, तर दोष वायरिंगचा. बहुधा अर्थचा, म्हणजे वीज बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीचा. फायबरग्लासच्या बॉडीतून वीज परत जात नाही. पत्र्याच्या गाडीत जे काम बॉडी गुपचूप करते, ते इथं प्रत्येक मीटरला आणि दिव्याला स्वतःची अर्थ वायर देऊन करावं लागतं. जुन्या धाटणीच्या बायमेटल मीटरना १० व्होल्टचा स्टॅबिलायझर लागतो. त्याचा अर्थ सुटला की मीटरना पूर्ण बॅटरीचा व्होल्टेज मिळतो आणि पेट्रोलचा काटाही तापमानाच्या काट्याबरोबर चढतो. दोन्ही काटे एकदम वर दिसले तर पाना हातात घेण्याआधी तिथं पाहावं. सेंडर, म्हणजे पाण्यात बसून मीटरला तापमान कळवणारा भाग, दुसऱ्या गाडीचा आणि मीटर तिसऱ्याचं असेल तर आकड्यांना काही अर्थच उरत नाही. सेंडर वायरीसकट काढून, त्याच्या धातूच्या अंगाला अर्थ देऊन, उकळत्या पाण्यात बुडवावा आणि काटा कुठं थांबतो तिथं काचेवर बारीक खूण करावी. त्या खुणेइतका भरवसा दुसऱ्या कशाचा नाही.

यातली उलटी बाजू जास्त वाईट आहे. सेंडरचं टोक पाण्यात बुडालेलं नसून हवेच्या खिशात असेल तर काटा सत्तरवर शांत बसतो आणि हेड आतून भाजत असतं. तापलेल्या गाडीचा काटा एकाएकी खाली आला म्हणून हायसं वाटून घेऊ नये. गाडी बाजूला घेऊन आधी इंजिन बंद करावं, कारण बहुधा त्या वेळी सेंडरपाशी पाणीच उरलेलं नसतं. इन्फ्रारेड थर्मामीटरनं खात्री करून घेता येते, पण चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो बराच कमी आकडा दाखवतो. मोजायच्या जागी काळ्या टेपचा तुकडा चिकटवावा आणि त्याच्यावर नेम धरावा. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप, उघडल्यावर रेडिएटरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपात पाच ते दहा अंशांचा फरक दिसला तर पाणी आणि हवा दोघंही आपापलं काम करताहेत. फरक जवळजवळ शून्य आणि दोन्ही पाइप गरम, तर हवा कमी पडते. फरक खूपच मोठा, तर पाणी कमी फिरतं. रेडिएटरच्या जाळीवरूनही त्याच थर्मामीटरनं एक फेरी मारावी. मध्येच एखादा थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या गाळानं बंद आहेत.

थांबल्यावर तापते की पळताना, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा. सिग्नलला चढणारा काटा रस्ता मोकळा झाल्यावर उतरत असेल तर फॅन आणि त्याची वायरिंग पाहावी. उलट महामार्गावर चढत जाणारा आणि वेग कमी केल्यावर उतरणारा काटा असेल, तर रेडिएटरची जाळी, हवेचा मार्ग, किंवा जास्त आरपीएमला पंपाच्या ओढीनं आत ओढला जाणारा खालचा होज, यांपैकी काहीतरी. इग्निशन टायमिंग मागे पडलेलं असेल किंवा पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पातळ असेल तरी पाण्यात जास्त उष्णता उतरते. त्याला कितीही मोठा रेडिएटर लावला तरी मूळ दुखणं तिथंच. थंड इंजिन सुरू करून मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर ते पाण्याचं फुगणं नाही, एवढ्या लवकर पाणी तापतच नाही. तो हेड गॅस्केटमधून येणारा गॅस. हेडर टँकच्या तोंडावर निळ्या द्रावाची टेस्टर नळी धरावी, ज्वलनाचा गॅस असेल तर निळा द्राव पिवळा पडतो.

आणि हे सगळं तपासून झाल्यावर उरते ती जाळीतून वाहणारी हवा. पाणी हा सोपा भाग आहे.

साधारण १०० अश्वशक्तीचं, म्हणजे ७५ किलोवॅटचं इंजिन पूर्ण जोरानं चालताना कूलंटमध्ये ५० किलोवॅटच्या आसपास उष्णता टाकतं. कूलंट मिनिटाला १०० लिटर फिरत असेल तर ही उष्णता रेडिएटरमध्ये सोडताना ते जेमतेम आठ अंशांनी थंड होतं. सेकंदाला दीड-पावणेदोन लिटर पाणी, एवढंच काम. तीच उष्णता हवेनं उचलायची तर हवा चाळीस अंशांनी तापली तरी सेकंदाला हजार लिटरहून जास्त हवा जाळीतून जायला हवी. एक लिटर पाणी एका अंशाला जेवढी उष्णता नेतं तेवढी न्यायला साधारण साडेतीन हजार लिटर हवा लागते. हा आकडा एकदा मनात बसला की पंप बदलण्याची घाई कमी होते आणि नाकाच्या आत डोकावून पाहावंसं वाटतं.

आत जे दिसतं ते बहुतेक वेळा निराश करणारं असतं. सुंदर पॉलिश केलेलं नाक, मागं चकाकणारा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर, आणि दोघांच्या मध्ये चारही बाजूंनी बोटभर फट. रेडिएटर ५०० बाय ३०० मिमीचा धरला तर त्याचा परीघ १६०० मिमी. त्याभोवती १५ मिमीची फट म्हणजे २४० चौरस सेंटिमीटर, जाळीच्या क्षेत्रफळाच्या सोळा टक्के. पण हवा टक्क्यांचा हिशेब करत नाही. जाळीतून जाताना तिला अडथळा आहे, फटीतून नाही, त्यामुळं फटीच्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त हवा रेडिएटरला बगल देऊन निघून जाते. दीड मिलिमीटरच्या अ‍ॅल्युमिनियम पत्र्याची चौकट कापून ती नाकाच्या तोंडापासून रेडिएटरच्या कडेपर्यंत आणावी, हळूहळू रुंदावत, आणि जिथं पत्रा रेडिएटरला किंवा नाकाला भेटतो तिथं बंद पेशींच्या फोमची पट्टी दाबून बसवावी. पत्रा थेट रेडिएटरला घासू देऊ नये, कंपनानं महिन्या-दोन महिन्यांत टाकीला छिद्र पडतं. हे काम चिवट आहे, एका सुट्टीत होत नाही, पुठ्ठ्याचे साचे चार-चार वेळा कापावे लागतात. पण माझ्या पाहण्यात याच्याइतका फरक दुसऱ्या कुठल्याच भागानं पडत नाही. चांगली चौकट असेल तर वेगात जाळीच्या एक-तृतीयांश आकाराचं तोंडही भागवतं.

हवा आत आली तशी बाहेरही जायला हवी, आणि हे जास्त विसरलं जातं. गरम झालेली हवा जागा जास्त घेते, म्हणून बाहेरचा रस्ता आतल्यापेक्षा मोठा लागतो. इंजिन, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि गिअरबॉक्सचा बोगदा यांनी बॉनेटखालची जागा भरली असेल तर आतला दाब वाढतो आणि नाकाची हवा तोंडातूनच बाजूला वळते. बॉनेटवर किंवा बाजूच्या पॅनेलवर लूव्हर, म्हणजे हवा सोडणाऱ्या तिरप्या फटी, कापावेत, मागे तोंड केलेले. काचेच्या पायथ्याशी मात्र नको. तिथं वेगात दाब जास्त असतो आणि बाहेरची हवाच आत शिरते. नेमकी जागा शोधायला लोकरीचे वीतभर धागे बॉनेटभर टेपनं चिकटवायचे आणि शेजारच्या गाडीतून दुसऱ्यानं त्यांचा फोटो घ्यायचा. जिथं धागे अंगाला चिकटून सरळ मागं वाहतात तिथली हवा शांत आहे. जिथं ते उलटे वळून थरथरतात तिथं लूव्हर कापून काही हाती लागत नाही. धाग्यांचा हा खेळ मला फार आवडतो, न दिसणारी हवा त्यात पहिल्यांदा दिसते.

फॅनकडे यायला मुद्दाम उशीर केला. फॅन गाडी थांबलेली असताना लागतो; ताशी पन्नासच्या वर चांगल्या चौकटीच्या गाडीत तो बंदच असायला हवा. जागा असेल तर रेडिएटरच्या मागं, ओढणारा. पुढं बसवलेला फॅन हवेच्या वाटेतच मोटर आणि पाती उभी करतो. नुसता गोल फॅन जाळीवर प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधला तर तो आपल्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो आणि चारही कोपरे तसेच राहतात. जाळीपासून वीस-तीस मिलिमीटर मागं, पूर्ण जाळी झाकणारा श्राउड, म्हणजे फॅनभोवतीचं आवरण, केला तर तोच फॅन सगळ्या रेडिएटरमधून ओढतो. श्राउडमुळं वेगात हवा अडू नये म्हणून त्यात रबराची फडकी ठेवतात, वेगाच्या दाबानं ती आपोआप उघडतात. पट्ट्या जाळीतून ओवून फॅन कधीच बांधू नये. कंपनानं पट्टी नळीला कापते आणि बरोबर मधोमध गळती लागते, जिथं दुरुस्त करणं सगळ्यात अवघड.

एका गोष्टीची खात्री मात्र पहिल्याच दिवशी करावी. फॅन चालू करून नाकासमोर कागद धरायचा. ओढणाऱ्या फॅननं कागद जाळीकडे खेचून चिकटवला पाहिजे. तो उडून अंगावर आला तर मोटरच्या वायरी उलट्या जोडल्या आहेत आणि फॅन सबंध वेळ येणाऱ्या हवेशी झुंजतो आहे. अशी गाडी फॅन लागला की जास्त तापते आणि रेडिएटर बदलून काही फरक पडत नाही. वायरिंग रिलेवरून, म्हणजे छोट्या प्रवाहानं मोठा प्रवाह जोडणाऱ्या स्विचवरून, करावं: त्याच्या ३० नंबरला बॅटरीपासून २५ ते ३० अँपियरच्या फ्यूजमधून ४ चौरस मिमीची वायर, ८७ वरून फॅन, ८६ ला इग्निशन, ८५ तापमानावर चालणाऱ्या थर्मोस्विचमधून अर्थला. मग इंजिन चालू, फॅन चालू, आणि मल्टिमीटर थेट फॅनच्या प्लगवर. बॅटरीवरच्या आकड्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी दिसला तर कुठंतरी बारीक वायर, सैल टर्मिनल किंवा गंजका अर्थ आहे. थर्मोस्विच फॅन ९२ अंशांना लावणारा आणि ८७ ला तोडणारा असेल तर त्याला थर्मोस्टॅट ८२ चा हवा. ८८ चा थर्मोस्टॅट लावला तर तो नीट उघडायच्या आधीच फॅन लागतो आणि मग थांबतच नाही. स्विच रेडिएटरच्या बाहेर येणाऱ्या बाजूला असेल तर तिथं थंड झालेलं पाणी असतं, तेव्हा आकडा दहाएक अंश खालचा घ्यावा.

रेडिएटर बदलायचाच असेल तर जाडीपेक्षा पसारा पाहावा. जाळी दुप्पट जाड केली की कूलिंग दुप्पट होत नाही. पुढच्या नळ्यांनी तापवलेली हवाच मागच्या नळ्यांना मिळते, आणि जाडीमुळं हवा अडते ती वेगळीच. दोन ओळींचा, चाळीसएक मिलिमीटर जाडीचा, नाकात मावेल तेवढा रुंद आणि उंच रेडिएटर बहुतेक हलक्या गाड्यांना पुरून उरतो. तांबं अ‍ॅल्युमिनियमपेक्षा उष्णता जास्त वाहतं हे खरं, तरी अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या जास्त रुंद आणि चपट्या करता येतात, जाळीशी त्यांचा सांधा चांगला होतो आणि वजन कमी होतं. विल्हेल्म मायबाखनं १९०१ च्या मर्सिडीजसाठी आठ हजारांहून जास्त बारीक चौकोनी नळ्या एकत्र जोडून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, आणि मागं छोटा फॅन बसवला. हवेला जास्तीत जास्त पृष्ठभाग द्या आणि ती वाहती ठेवा, हा त्याचा विचार. सव्वाशे वर्षांत नळ्या बदलल्या, विचार तोच आहे.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला अजूनही दिला जातो, तो ऐकू नये. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी चकती असते. गरम झाल्यावर ती बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅट काढला की ते भोक कायम उघडं राहतं आणि गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून पुन्हा इंजिनात शिरतं. ‘पाणी हळू गेलं तर जास्त थंड होतं’ हे म्हणणंही टिकत नाही, कारण तेच पाणी इंजिनातही तेवढाच जास्त वेळ तापत बसतं. किट कारमध्ये आणखी एक खोड असते. हीटर नको म्हणून त्याची दोन्ही तोंडं बंद करून टाकतात, आणि काही इंजिनांत नेमकी तीच वाट थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी पोहोचवत असते. मग थर्मोस्टॅटला इंजिन तापलेलं कळतच नाही, काटा १०५ पर्यंत चढतो आणि मग धाडकन खाली येतो. तोंडं बंद करण्याऐवजी ती एकमेकांना होजनं जोडावीत. रोव्हरच्या के-सिरीज इंजिनात थर्मोस्टॅट पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला आहे. तापलेल्या हेडला रेडिएटरमधलं गार पाणी एकदम भेटतं आणि गॅस्केटला ते सोसत नाही. तिथं थर्मोस्टॅट बाहेर, गरम आणि थंड पाणी मिसळेल अशा जागी हलवणं शहाणपणाचं.

होजांबद्दल थोडक्यात. सिलिकॉन होज दिसायला देखणे, उष्णता सोसणारे, पण क्लिपखाली ते दबत जातात. त्यांना स्प्रिंगच्या ताणाची क्लिप लावावी, किंवा साधी क्लिप पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळावी. जोडायच्या अ‍ॅल्युमिनियम नळीच्या टोकाला उंचवटा काढलेला असलाच पाहिजे. गुळगुळीत नळीवरून होज दाबाखाली अलगद निसटतो. खालचा होज ओढीचा, तिथं जाड भिंतीचा किंवा आत स्प्रिंग असलेलाच हवा.

कूलंट ५०-५० घ्यावं, शक्यतो डिस्टिल्ड पाण्यात. ओएटी (सेंद्रिय आम्लाच्या) आणि जुन्या सिलिकेटवाल्या जातीच्या कूलंटचं मिश्रण करू नये, काही वेळा त्याचा चिकट साका होऊन बारीक नळ्या बुजतात. अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर रबरी बुशांवर बसवावा, त्याच्यावर कशाचाही अर्थ घेऊ नये. मल्टिमीटरची एक तार कूलंटमध्ये बुडवून दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावावी, फॅन आणि दिवे चालू ठेवून. ०.१ व्होल्टच्या आत ठीक, ०.३ च्या वर गेलं तर कुठला तरी अर्थ पाण्यातून वाट काढतो आहे आणि रेडिएटर आतून खाल्ला जातो आहे. काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात कधीच ठेवू नये. ते गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि थोड्यानंही मरतात.

भरण्याची घाई करू नये. हेडर टँकचं तोंड सगळ्यात वर येईल अशी गाडी जॅकवर घ्यावी, हीटरचा कॉक उघडा ठेवावा, हेडवरचा ब्लीड स्क्रू सैल करावा. बारीक धारेनं ओतावं आणि दर लिटरला थांबून होज हातानं दाबत जावं. आतून गुडगुड असा आवाज येतो, टँकमध्ये एक मोठा बुडबुडा फुटतो, पातळी दोन बोटं खाली जाते. पुन्हा ओतावं. ब्लीड स्क्रूतून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की तो बंद. किती लिटर निघालं होतं हे आधी मोजून ठेवलेलं असावं. आठ निघालं आणि साडेसहाच आत गेलं, तर दीड लिटर हवा अजून आत आहे, बाकी काहीही वाटत असो. मग कॅप लावण्याआधी हातपंपानं १ बार दाब देऊन पंधरा मिनिटं काटा पाहत बसावं. तो हलला नाही तर इंजिन सुरू करावं, कॅप उघडी ठेवून, थर्मोस्टॅट उघडून खालचा होज गरम होईपर्यंत. त्या वेळी टँकची पातळी एकदम उतरते, तेवढी भरावी. कॅप लावावी, फॅन दोनदा लागून दोनदा बंद होऊ द्यावा. इंजिन बंद केल्यावर काटा आणखी पाच-सात अंश चढतो, धातूतली उष्णता उभ्या पाण्यात उतरत असते. घाबरून कॅपला हात लावू नये. गरम कॅप उघडली तर दाबाखालचं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

मग बॉनेट उघडं ठेवून गाडी तशीच सोडायची. मॅनिफोल्ड टिकटिक करत आकसतो, तापलेल्या रबराचा आणि कूलंटचा किंचित गोडसर वास येतो, तो सांडलेल्या दोन थेंबांचा असेल तर अर्ध्या तासात जातो. सकाळी, कशालाही हात लावायच्या आधी, आधी वरचा होज पाहायचा. तो गोल असावा आणि बोटानं दाबला तर मऊसर परत यावा. टँकमधलं पाणी काल केलेल्या खुणेपाशी असावं. बोटभर खाली गेलं असेल तर रात्रीतून हवा वर येऊन तिची जागा पाण्यानं घेतली आहे, तेवढं भरून पुढचे दोन-तीन दिवस रोज सकाळी पुन्हा बघायचं. होज पुन्हा चपटा दिसला तर कॅप काढायची, पालथी करायची, आणि मधली चकती नखानं ओढून पाहायची.